नातीच्या खोलीचा फ्यूज

चामराजपेटेतल्या आमच्या घरात सगळे प्लग माणसाच्या छातीच्या वर आहेत. घर बांधणाऱ्याने तसे ठेवले, मी तसेच राहू दिले. रेडिओची तार भिंतीवरून लोंबते, इस्त्रीची लोंबते, आणि नवीन आलेला पाहुणा म्हणतो, हे काय लोंबतंय. लोंबू दे. त्या घरात माझी मुलं रांगली, भिंतीला धरून उभी राहिली, भिंतीचा चुना खाल्ला, पण प्लगमध्ये बोट कुणी घातलं नाही. हात पोचतच नव्हता. पोचायला लागला तोवर अक्कल आली होती. एवढं साधं आहे. ज्यांना ते साधं वाटत नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहितो.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो, निपाणीकडे. पुढे बेंगळूरला आलो तो पिठाच्या गिरणीत कामाला, आणि मालक थकल्यावर गिरणी मीच घेतली. मालक कानडी होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. जात्याला टाकी लावायला, म्हणजे दगड ठोकून खरखरीत करायला तो आत बसला होता, आणि रांगेतल्या कुणाला तरी घाई झाली म्हणून त्याने आपणच मेन स्विच चालू केला. तेव्हापासून त्या गिरणीत एक नियम. जात्याला हात लावण्याआधी मेन बंद करायचा, तिन्ही फ्यूज उपटायचे आणि आपल्या खिशात घालायचे. ज्याच्या खिशात फ्यूज, तोच परत लावणार. दुसऱ्याने दुसरा आणून बसवायचा नाही, मग दारात कोण का उभं असेना. फ्यूज म्हणजे चिनी मातीची ती पांढरी वस्तू, आत तार असते, गिरणीचे चांगले जड असतात. माझे सगळे सदरे उजव्या बाजूला उतरलेले आहेत ते त्यामुळे. बायको म्हणते, लग्नातल्या फोटोत तुम्ही सरळ दिसता, पुढे कुठल्याच फोटोत नाही.

मुलगा याच गिरणीत वाढला. फ्यूजचा नियम त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होता. पुढे तो शिकला, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, पुण्याची मुलगी केली. तीही कॉम्प्युटरमध्येच. शतक संपत आलं होतं आणि अशी जोडपी बेंगळूरला तेव्हा पुष्कळ यायला लागली होती. त्यांनी मारतहळ्ळीला फ्लॅट घेतला. तेव्हा मारतहळ्ळी म्हणजे अर्धी शेतं आणि अर्धी उकरलेली माती होती. मी मुलाला म्हटलं, एवढ्या लांब. तो म्हणाला, ऑफिस जवळ आहे. मी म्हटलं, गिरणी लांब आहे.

त्यांची मुलगी तीन वर्षांची. मला ती अज्जा म्हणायची, गल्लीतली सगळी पोरं म्हणतात म्हणून. सून तिला आजोबा म्हणायला शिकवत होती. पोरीने दोन्ही शिकून घेतलं आणि अज्जाच म्हणत राहिली.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मुलाने तिला आमच्याकडे आणून सोडलं. इथे त्याला आयुधपूजा म्हणतात, आणि बेंगळूरमध्ये ती जशी होते तशी आमच्या निपाणीकडेही होत नाही. रिक्षा, बस, शिवणयंत्र, लेथ, तराजू, सगळ्यांना झेंडूचे हार. रस्त्यात कुंकू भरून कोहळे फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून सायकलवाले घसरतात. गिरणीत मी सकाळी मेन बंद केला, फ्यूज खिशात घातले, मोटर पुसली, जातं पुसलं. मग पोरीला पिठाच्या रिकाम्या डब्यावर उभं केलं आणि पूजेला लावलं. गंध तिने लावलं, कुंकू तिने लावलं, अक्षता तिने टाकल्या. मोटरला, तराजूला, मेनच्या लोखंडी पेटीला. शेवटी फुलाने पाणी शिंपडायचं, तेही तिनेच शिंपडलं, जरा जास्तच. मग आम्ही दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कडलेपुरी वाटली. कडलेपुरी म्हणजे आपले चुरमुरे आणि डाळं. वाटली त्यापेक्षा तिने खाल्ली जास्त.

पूजा तिने फार मन लावून केली. एकही गोष्ट वगळली नाही. हे मी तेव्हा बायकोला कौतुकाने सांगितलं होतं.

दसरा झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघं मारतहळ्ळीला गेलो. पोरीची खोली तयार झाली होती, ती बघायला बोलावलं होतं. तीन वर्षांच्या मुलीला वेगळी खोली कशाला, हे मी विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. खोली गुलाबी. भिंतीवर पांढरे ढग काढलेले. लहानसा पलंग, चंद्राच्या आकाराचा रात्रीचा दिवा. आणि दिव्यासाठी प्लगचा बोर्ड खाली, जमिनीपासून वीतभर. त्याच्या शेजारी तसाच आणखी एक, टेपरेकॉर्डरसाठी. मी मुलाला विचारलं, हे इतकं खाली का. तो म्हणाला, वर असलं की तारा दिसतात, बरं दिसत नाही. आता सगळीकडे असंच करतात.

बायको म्हणाली, वाकून तरी बघा, नुसतं उभ्याने काय नाव ठेवता. म्हणून मी वाकलो. नाहीतर वाकलो नसतो.

टेपरेकॉर्डरच्या बोर्डाला गंध लावलेलं होतं. त्यावर कुंकू. वरच्या मोठ्या भोकात, ते अर्थिंगचं असतं, झेंडूची एक पाकळी खोचलेली. खालच्या दोन भोकांत तांदळाचे दाणे. बोर्डासमोर फरशीवर तिच्या भातुकलीतलं पितळी फुलपात्र, पाण्याने काठोकाठ भरलेलं, आणि त्यात एक फूल. तांदूळ कोरडे होते. म्हणून मी हे या सुरात लिहू शकतो.

मी तिथेच खाली बसलो. पोरगी हातात अर्धी इडली घेऊन आली. पूजेच्या मधेच तिला खायला बोलावलं होतं असं दिसलं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अज्जा, पाणी राहिलंय."

सून दारात होती. तिनेही ऐकलं.

मी आधी फुलपात्र उचललं आणि खिडकीतून पाणी बाहेर टाकलं. मग बाहेर जाऊन दाराच्या वरची पेटी उघडली. त्या इमारतीत अजून जुन्या पद्धतीचे फ्यूज होते, दर खोलीला एक, खाली खडूने लिहिलेलं. स्टुलावर चढलो, मेन बंद केला, पोरीच्या खोलीचा फ्यूज काढला, खिशात घातला, मेन लावला आणि खाली उतरलो.

मुलगा म्हणाला, "अप्पा, पंखाही गेला तिचा."

मी म्हटलं, या दिवसांत बेंगळूरला पंखा कोण लावतं.

त्यानंतर जेवायच्या आधी जे बोलणं झालं ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. सून म्हणाली की बोर्डाला बटण आहे आणि ते बंदच असतं. मी विचारलं, पोरीला बटण दाबता येतं का. येत होतं, ते तिचं आवडतं काम होतं. मुलगा म्हणाला की तिला समजावून सांगू. मी म्हटलं, समजाव, तोवर फ्यूज माझ्याकडे राहू दे. बोर्ड वर घ्या, मी लावून देतो. मग सून म्हणाली, "अप्पा, प्लगची पूजा करायला तिला आम्ही नाही शिकवलं." हे तिने आवाज न चढवता म्हटलं. मी म्हटलं, मी पूजा शिकवली, प्लग जमिनीवर तुम्ही आणला. माझी बायको म्हणाली, आमटी निवतेय. जेवण चांगलं झालं होतं. सुनेला आमटी येते.

आम्ही बसने परत निघालो. फ्यूज सदऱ्याच्या वरच्या खिशात होता, गिरणीच्या मानाने लहान, पण बाहेर डोकावत होता. कंडक्टरने बघितला आणि कन्नडमध्ये विचारलं, अज्जा, करंट कुठे घेऊन चाललात. मी म्हटलं, मार्केटपर्यंत. त्याने मार्केटची तिकिटं दिली.

मुलाला दुसरा फ्यूज आणणं अवघड नव्हतं. मारतहळ्ळीच्या कुठल्याही विजेच्या दुकानात तसा मिळत होता. मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत आणेल. पण दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा खोलीत अंधारच होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतः चामराजपेटेला आला, ऑफिसचा पट्टा गळ्यात तसाच. बायकोने त्याला उप्पीट दिलं, कॉफी दिली, आणखी उप्पीट दिलं. फ्यूज दिला नाही, कारण तो तिच्याकडे नव्हता. मी गिरणीत होतो. तिथे तो आला नाही. मी तिला विचारलं, काय म्हणत होता. म्हणाली, झोप होत नाही म्हणत होता. पोर त्या दोघांच्या मधे झोपते आणि आडवी होते. मी म्हटलं, त्यानेही तेच केलं होतं, माझी पाठ अजून दुखते.

मग अमेरिकेचं प्रकरण झालं. सुनेचा भाऊ तिकडे असतो. तिकडे म्हणे लहान मुलांच्या घरात प्लगला लावायची प्लॅस्टिकची टोपणं मिळतात, टोपण बसवलं की भोक बंद, बोट जात नाही. ती त्याने ऑफिसातल्या कुणा येणाऱ्याबरोबर पाठवली. मुलाने फोनवर सांगितलं, अप्पा, आता प्रश्न मिटला, टोपणं येतायत. मी म्हटलं, येऊ देत. मला खरंच वाटलं की मिटेल. वस्तू चांगली असेल तर मी कशाला नाही म्हणू.

टोपणं आली. या वेळी फोन सुनेचा होता. म्हणाली, "अप्पा, बसत नाहीत. त्यांची भोकं चपटी असतात, आपली गोल." असं काही सांगायला तिने स्वतः फोन केला, याची मी नोंद घेतली. माझ्या बायकोने हातातून फोन ओढून घेतला आणि म्हणाली, जाऊ दे गं, तुझ्या भावाला काय ठाऊक. मग पोरीला फोन दिला गेला. तिने विचारलं, माझ्या खोलीचा लाईट तुझ्या खिशात आहे का. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, हरवू नको.

त्यानंतर काही दिवसांनी सून एकटीच गिरणीत आली. कामाचा दिवस होता, सुट्टी काढली असणार. गिरणी चालू होती, रांग होती, मी तिला थांब म्हणून हात केला. ती रांगेतल्या बायकांच्या मागे उभी राहिली. तिच्याकडे डबा नव्हता, म्हणून बायका तिच्याकडे बघत होत्या. गिरणीत आलं की दोन मिनिटांत भुवया पांढऱ्या होतात, तिच्याही झाल्या. तिचा नंबर आला तेव्हा मी मोटर बंद केली.

ती म्हणाली, बोर्ड वर घ्यायला माणूस सांगितलाय, शनिवारी येईल. मी म्हटलं, बरं. मला वाटलं झालं. पण ती तिथून हलली नाही.

"मला एक विचारायचंय. पूजेच्या दिवशी इथले फ्यूज कुठे होते?"

"माझ्या खिशात. कुठे असणार?"

"तिला माहीत होतं?"

मी म्हटलं, तिला काय करायचंय, ती तीन वर्षांची आहे.

"तेच म्हणतेय मी. तुम्ही तिला डब्यावर चढवायच्या आधीच फ्यूज काढले होते. तिने काय पाहिलं? गंध, कुंकू, फूल, पाणी. तिच्या लेखी एवढीच पूजा. आणि तिने घरी बरोब्बर तेवढीच केली."

मागे एक म्हातारी नाचण्याचा डबा घेऊन उभी होती, आमच्याच गल्लीतली, तिला मराठी कळतं. ती म्हणाली, सरीच बोलतेय पोरगी. सरी म्हणजे बरोबर. मी म्हातारीला म्हटलं, अक्का, तुझा नंबर यायचाय. ती म्हणाली, नंबर माझाच आहे, ही डबा न घेता मधे उभी आहे.

सुनेने मग सांगून टाकलं. बोर्ड वर जाईल, पण पुढच्या आयुधपूजेला पोरीला सगळं दाखवायचं, अगदी पहिल्यापासून. नाहीतर ती पूजेला येणार नाही. ती म्हणाली, "आमच्या घरात वर घेतले म्हणून जगातले सगळे प्लग वर जाणार नाहीत, अप्पा. ती शाळेत जाईल, दुसऱ्यांच्या घरी जाईल."

मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे माझ्याकडून तेवढंच मिळतं, हे तिला तोवर कळलं होतं. तिने भुवया पुसल्या आणि गेली. मी नाचणी दळायला घेतली. जरा बारीक दळली गेली, म्हातारीने ते ऐकवलं.

शनिवारी आम्ही मारतहळ्ळीला गेलो. कारागीर आला, त्याने दोन्ही बोर्डांसाठी ढगांतून सरळ वर एक खाच पाडली. गुलाबी रंगाचा चुरा सगळ्या खोलीभर झाला. त्याने विचारलं, किती उंच घेऊ. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हटलं, माझ्या खांद्याएवढं. त्याने पेन्सिलीने खूण केली. बायको म्हणाली, "तुम्ही बुटके आहात, थोडं आणखी घेऊ दे त्याला." त्याने आणखी घेतलं. खालची जागा सिमेंटने बुजवली. पलंग मी स्वतः दुसऱ्या भिंतीला ढकलला, नाहीतर पोरगी त्यावर चढून पोचली असती. चंद्राचा दिवा आता उंच लागला आणि त्याची तार लोंबायला लागली. मुलाने ती तार बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. एवढी तारतम्याची जाण मला आहे.

मग मी स्टूल मागितलं आणि खिशातून फ्यूज काढला. सून स्टूल घ्यायला आत गेली आणि येताना हातात एक कागदी पिशवी घेऊन आली. पिशवीत नवाकोरा फ्यूज होता, तस्साच, दुकानाचं बिल सुद्धा आत. मुलाने तो आणला होता, मी फ्यूज घेऊन गेलो त्याच संध्याकाळी. नियम पाठ असूनही आणला होता. तिने तो बसवू दिला नव्हता, कपाटावर ठेवून दिला होता. इतके दिवस तिघं जण अंधाऱ्या खोलीच्या शेजारी एका पलंगावर झोपत होते ते तिच्यामुळे. मला वाटत होतं माझ्यामुळे.

मी विचारलं, का गं. सून म्हणाली, पोर पाणी राहिलंय म्हणाली ना तेव्हा.

मी स्टुलावर चढलो, मेन बंद केला, फ्यूज लावला, मेन लावला. नवा फ्यूज मी तिला म्हटलं तुझ्याकडेच ठेव. टेस्टर लावून दोन्ही बोर्ड तपासले. पोरगी सिमेंटच्या पट्ट्याकडे बघत होती. तिला वाटलं पाऊस पडतोय, ढगातून खाली. सुनेने तो पट्टा पुढे कधी रंगवला नाही.

पुढच्या खंडेनवमीला पोरगी आली, आई बरोबर होती. सून या खेपेला भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी राहिली, परीक्षा घ्यायला आल्यासारखी. मी पोरीला आधी मेनच्या पेटीजवळ उचलून धरलं. मेन बंद केलेला दाखवला. एक एक फ्यूज काढून दाखवला. सांगितलं, हे आपल्या खिशात असतील तरच हात लावायचा, ज्याच्या खिशात असतील त्यानेच परत लावायचे, दुसऱ्याने नाही. मी हे मालकाकडून ऐकलं होतं त्याच शब्दांत सांगितलं, फक्त मराठीत. तिने विचारलं, माझ्या खिशात का नाही. तिच्या फ्रॉकला खिसा होता. सुनेने तो आधीच शिवून घेतला होता असं मला नंतर बायकोने सांगितलं. मी दोन फ्यूज माझ्या खिशात घातले, एक तिच्या. फ्रॉक लगेच एका बाजूला उतरला.

पूजा झाली. पाणी तिने अगदी थोडं शिंपडलं, आणि शिंपडण्याआधी खिसा चाचपून बघितला. सून भिंतीला टेकूनच होती. कडलेपुरीचा पहिला द्रोण तिला दिला.

संध्याकाळी त्या दोघी रिक्षाने गेल्या. पोरगी रिक्षात बसायच्या आधीच झोपली होती. दुसऱ्या दिवशी दसरा, गिरणी बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली आणि खिशातून फ्यूज काढले तर दोनच. तिन्हीतला एक नसला की मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते. बाहेर सणानंतरची रांग लागलेली. कपाटात जादा फ्यूज होता. नाचणीवाली म्हातारी म्हणाली, मग लाव की तो.

मी मारतहळ्ळीला फोन केला. पोरगी फोनवर आली. फ्यूज उशीखाली ठेवलाय म्हणाली. मुलगा म्हणाला, अप्पा, मी आत्ता घेऊन येतो स्कूटरवरून. मागून पोरीचा आवाज आला, तो तिने स्वतः लावायचा आहे. मुलाने विचारलं, काय करू. मी म्हटलं, तिला घेऊन ये, मग काय करणार.

मारतहळ्ळीहून चामराजपेटेपर्यंत स्कूटरला तेव्हा बराच वेळ लागायचा. रांगेतल्या लोकांनी डबे जमिनीवर ठेवले. जो विचारेल त्याला मी सांगत होतो, गिरणी ठीक आहे, फ्यूजवाली यायची आहे.